पांढरे ठिपके

"काकू, काखेत काही लावून आलात का?"

दवाखान्यातली, मॅमोग्राफीचे म्हणजे छातीचे एक्स-रे फोटो काढणारी बाई दारात उभी होती. आईने अंगावरचा कागदी झगा घट्ट केला.

"छे. हिने बंदी घातलीय," ती म्हणाली आणि शेजारी बसलेल्या लेकीकडे बोट दाखवलं.

"फोटोत पांढरे ठिपके आलेत. घाम थांबवणारं काही लावलं, की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम असंच दिसतं. आज लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

दोन वर्षांपूर्वी लेकीने कुठेतरी वाचलं होतं, की या अ‍ॅल्युमिनियममुळे कर्करोग होतो. त्याच दिवशी घरातले रोल-ऑन कचऱ्यात गेले आणि न्हाणीघरात तुरटीचा खडा आला. आईने खूप कुरकुर केली. ती कपडे शिवायची. "हात वर करा," म्हणत टेप घेऊन बायकांच्या इतकी जवळ जायची, की कोण काय जेवून आलंय तेही तिला कळायचं. "त्यांचा वास मला आला तर चालतो," ती म्हणायची. "माझा त्यांना आला, तर दुकानाला कुलूप."

लेकीने मांडीवरची आईची पर्स उघडली. टेप, खडू, रुमाल. रुमालात गुंडाळलेला रोल-ऑन.

"आई."

"अगं, परक्या बाईसमोर हात वर करायचे होते. तशीच येऊ?"

फोटोवाल्या बाईला हसू आवरेना. लेकीने तुरटीचं सांगितलं, तशी ती म्हणाली, "तुरटीतही अ‍ॅल्युमिनियमच असतं की."

"घ्या," आई म्हणाली. "म्हणजे दोन वर्षं मी उगाच चोरून लावला."

तिघीही हसल्या. आईने ओल्या फडक्याने काखा पुसल्या आणि ती पुन्हा आत गेली. लेक रोल-ऑनची बाटली हातात धरून बसून राहिली. आज पहिल्यांदाच तिला त्या बाटलीचा राग येत नव्हता. ठिपके बाटलीतलेच होते.

या वेळी डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. आईला त्यांनी समोर बसवलं. काखेतले ठिपके गेले होते. डाव्या स्तनातला ठिपक्यांचा एक लहानसा पुंजका मात्र तसाच होता. सोमवारी सुईने तुकडा काढून तपासायला पाठवायचा होता.

"हे यानेच झालं का?" लेकीने बाटली पुढे केली.

"तसं सिद्ध झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तो पुंजका म्हणजे काय, तेही अजून माहीत नाही."

कपडे बदलायच्या खोलीत आईने बटणं लावली. एक बटण चुकलं होतं, त्यामुळे खालची सगळीच चुकली. तिच्या ते लक्षात आलं नाही.

"दुपारी गिऱ्हाईक यायचंय मापं द्यायला," ती म्हणाली. "घाम फुटलाय गं मला. वास येतोय का?"

लेकीने बटणं एकेक करून सोडली. मग बाटलीचं टोपण काढलं.

"हात वर कर," ती म्हणाली.