चाकं निवल्याशिवाय

"भाऊ, मारून द्या ना सरळ ॲसिड," अनुप म्हणाला. "किती वेळ नुसतं पाहून राहिले?"

अमरावतीच्या बडनेरा रोडवरच्या वॉशिंग सेंटरवर त्याने आत्ताच गाडी आणून लावली होती. कामगाराने चाकाजवळ हात नेला आणि मागे घेतला. डोळ्यांवर मोठा बंद चष्मा, तोंडावर मास्क, डोक्याला घट्ट बांधलेला शेला, कोपरापर्यंत रबरी मोजे, पायात गमबूट. अनुपला हसू आलं. चाकंच धुवायची होती, विहिरीत उतरायचं नव्हतं.

"अकोल्याहून आले ना? चाकं गरम आहेत," मास्कमधून घोगरा आवाज आला. "निवू द्या. गरम चाकावर ॲसिड तेवढ्यात वाळते. मंग डाग जिंदगीभर जात नाही."

"घाई आहे ना बाप्पा."

"घाई मलेबी आहे."

अनुपने हट्ट सोडला. डाग पडून चालणारच नव्हतं, कारण गाडी त्याची नव्हती. पण गप्प बसणं त्याला फार वेळ जमत नसे, आणि अनोळखी माणसापुढे तर मुळीच नाही.

"दोस्ताची आहे," तो म्हणाला. "दाऊदची. आपली तं मोटरसायकल. पोरगी पाहाले चाललो. मध्यस्थानं, पंजाबरावनं, सांगून ठेवलं का पोराजवळ चारचाकी आहे. आता दाखवा लागन ना."

चाकं निवल्यावर कामगाराने बादलीत आधी पाणी घेतलं, मग त्यात ॲसिड ओतलं. उलट केलं तर अंगावर उडतं. चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून पाहिलं. रंग गेला नाही, तेव्हा कुठे ब्रश फिरू लागला. एका वेळी एकच चाक, आणि ते वाळायच्या आत भरपूर पाणी.

अनुपचं तोंड सुरूच होतं. डाळमिलमधल्या सुपरवायझरला कोणी पोरगी देत नाही, सगळ्यांना सरकारी नोकरीवाला हवा. पण हिचा फोटो पाहिल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. ही एक हातची जाऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं, आणि हे मात्र तो अगदी खरं सांगत होता.

"तिचा सोताचा धंदा आहे म्हणते," तो म्हणाला. "ब्युटी पार्लर असन."

ब्रश जरा थांबला.

"मंग तिले खरं सांगून द्याव ना."

"सांगीन ना. लग्न झाल्यावर."

शेवटच्या चाकावर पाण्याचा फवारा बसला आणि कंप्रेसर बंद झाला. चाकं अशी लखलखत होती की अनुपने वाकून त्यात केस सारखे केले.

"रोडवर निघाल्यावर ब्रेक हलके दाबून पाहा," आवाज आला. "ओले आहेत."

आईवडील कालच अमरावतीला बहिणीकडे आले होते. त्यांना घेऊन तो मुलीच्या घरी पोचला. मुलीचे वडील जानराव फाटकापर्यंत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चाकाशी थांबले.

"आरशावानी ठेवली हो चाकं. गाडी तुमचीच?"

अनुपचे वडील आपल्या चपलांकडे पाहू लागले. खरं सांगायचं तर ते इथेच, हे अनुपलाही कळत होतं.

"हो, माझीच."

जानरावांनी खुशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सगळे आत बसले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला ताजा हार होता.

"प्रियदर्शनी येतेच आहे," जानराव म्हणाले. "आताच घरी आली. रविवारी दुकानावर गिऱ्हाईक लवकर सोडत नाही तिले."

अनुपने आईकडे पाहून मान डोलावली. पार्लर म्हटलं की रविवारी गर्दी असणारच.

प्रियदर्शनी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. फोटोपेक्षाही देखणी होती. तिच्या दोन्ही गालांवर चष्म्याच्या काठाचा लाल वळ उमटला होता आणि बोटांची टोकं घामाने सुरकुतली होती. तिने पहिली बशी त्याच्याच हातात दिली.

"घ्या, भाऊ," ती म्हणाली. "दाऊदची चाकं निवली असतील आता."