पुढचं वाचण्यासाठी

चार ओळी वाचून सुप्रिया थांबली. पाचवी ओळ धुरकट होत गेली होती आणि तिच्यावर एक चौकोन येऊन बसला होता.

"वाच की गं," सुंदरा म्हणाली.

"आई, पुढचं बंद आहे. पैसे भरले की उघडतं."

सुंदरानं सुनेच्या मोबाइलमध्ये वाकून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो कळत होता. गावाखालचा जुना पूल, त्याचा मधला खांब आणि खांबावर लाल रंगाच्या रेघा. पुराचं पाणी दर वर्षी कुठवर चढलं, ते तिच्या नवऱ्यानं तिथं मारून ठेवलेलं, तारखेसकट. एकतीस वर्षं. नदी चढली की लोक गुरं सोडवायला धावायचे, आणि हा माणूस रंगाचा डबा घेऊन पुलाकडं. त्याला जाऊन आता दोन पावसाळे झाले होते.

"बातमीला कुलूप?" ओट्यावर पाय पसरून बसलेले शेजारचे तात्या म्हणाले. तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल म्हणून त्यांचा जन्म गेला होता. "कुंभिवलीच्या नाक्यावर एक पेपर येतो, चाळीस माणसं वाचतात. चहावाल्यानं कधी कुणाला अडवलं नाय."

"तात्या, हे लिहिणारी मुलगी मुंबईहून दोनदा आली होती. तिला पोट नाही का?"

"असंल. पण रेघा आपल्या, पूल आपला, गेलेला माणूस आपला, आणि पैसे पण आपणच भरायचे?"

सुंदराचं तिकडं लक्षच नव्हतं. "त्यांचं नाव हाय का त्यात, तेवढं बघ."

"वरच्या चार ओळींत नाही. 'खालापूर तालुक्यातील एक शेतकरी' एवढंच आहे."

"तिनं मला इचारलं होतं नाव."

"मग? सांगितलंत ना?"

"मी कशी सांगणार?" सुंदरा म्हणाली. लग्नातला उखाणा सोडला तर ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. "घरात दुसरं कुणी नव्हतं. तू कंपनीत. मग मी रेशनकार्ड आणून तिच्या हातात दिलं. म्हटलं, बघून घे बाई."

तात्या सावरून बसले.

"वहिनी, अवो कार्डावर पहिलं नाव तुमचं हाय! घरातली मोठी बाई ती कुटुंबप्रमुख, असा नियम आला तवाच बदललं ते. आणि त्यांचं नाव तर मीच संगती येऊन कमी करून आणलं." मग जरा थांबून ते म्हणाले, "'सुंदराबाईंचे यजमान' म्हणून छापलं असंल तिनं. माणूस गेला तो गेला, वर बातमीत बायकोच्या नावावर."

त्यांनी चेष्टेनंच म्हटलं होतं. सुंदरा हसली नाही.

"सगळा गाव त्यांना पुलावरचा येडा म्हणायचा," ती म्हणाली. "मी पण म्हणायची. आता छापून यायची येळ आली, तर तिथं नाव माझं?" मग सुनेकडं वळली. "किती पैसे म्हणतो तो?"

"हा एकच लेख हवा तर एकोणीस रुपये. वर्षभराचं घेतलं तर…"

"मला वर्ष काय करायचंय? एवढा एक उघड."

तिनं कमरेची पिशवी सोडली. सुप्रिया म्हणाली, "राहू द्या हो, फोनमधनंच जातात." सुंदरानं ऐकलं नाही. विसाची नोट तिच्या मुठीत कोंबली.

"एक रुपया परत मागून घ्या," तात्या पुटपुटले.

पडद्यावर एक गोल फिरत राहिला. तिघंही त्याच्याकडं पाहत होते. मग चौकोन गेला. सुप्रिया अंगठ्यानं पान वर सरकवत राहिली, आणि ते संपेना.

"केवढं हाय?"

"बारा मिनिटं लागतील वाचायला, असं लिहिलंय."

"त्यांच्यावर? बारा मिनिटं?" सुंदरानं तोंडावर हात ठेवला. "मी त्यांचं कधी दोन मिनिटं ऐकलं नाय गं."

सुप्रिया वाचू लागली. नव्या पुलाचे इंजिनिअर आले, तेव्हा त्यांच्या कागदांत आठच वर्षांचं पाणी होतं. खांबावर एकतीस वर्षांचं होतं. त्यांनी शिडी लावली, टेप धरला, एकेक रेघ मोजली, पुन्हा मोजली. आणि पुलाचा नकाशा बदलला. नवा पूल चार फूट वर घेतला.

"पूल?" तात्या म्हणाले. "अख्खा पूल वर घेतला?"

तात्या नदीच्या दिशेनं बघत राहिले.

"'नाव विचारलं, तर मावशींनी रेशनकार्ड आणून दिलं,'" सुप्रिया वाचत होती. "'कार्डावर पहिलं नाव त्यांचं. त्याखालचं लाल शाईनं कापलेलं. शाईखालून ते नीट वाचता येतं.'"

इथं ती अडखळली. सासऱ्यांचं नाव तिनंही कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. तिनं आवाज खाली आणला.

"'पोपट धाकलू बडेकर.'"

सुंदरा उठली. खांद्यावरचा पदर तिनं डोक्यावर घेतला आणि ती दाराच्या कडेला सरकून उभी राहिली, ते अंगणात आले की राहायची तशी.

"वाचू पुढं?" सुप्रियानं हळूच विचारलं.

सुंदरानं मानेनंच हो म्हटलं. तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. मग सुप्रियाही उठली, आणि उरलेला सगळा लेख तिनं उभ्यानंच वाचला.