बार्लीची पसंती

वडील गेल्यावर त्यांची बंदूक थोरल्या भावाकडे गेली आणि शिकारी कुत्रा, बार्ली, कोरीनकडे आला. तेव्हापासून तो जेमतेम खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. शनिवारी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. कोरीन त्याला गाडीत घालून रेडफिल्ड गावातल्या बंदुकांच्या दुकानात आली, आयुष्यातली पहिली बंदूक निवडायला.

दुकानदार व्हर्लिनकाकांनी पंपासारख्या मागे-पुढे ओढून भरायच्या बंदुका काउंटरवर मांडल्या. ती एकही खांद्याला लावून बघेना. पुढची मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची, आवाज ऐकायची आणि बार्लीकडे बघायची.

“अगं पोरी, बंदूक घेतेयस की अकॉर्डियन?”

“मी कुठे घेतेय, काका? तो निवडतोय.”

“मग परवानाही त्याच्याच नावाने काढ!”

एका जुन्या, वापरलेल्या बंदुकीची मूठ तिने ओढली. खर्र-खट! बार्ली ताडकन उठला. कान टवकारले, शेपूट हलू लागलं. कितीतरी दिवसांनी कोरीनला हसू फुटलं.

“बाबांची अशीच होती ना?”

“अगदी अशीच. झालं तर मग, हीच देतो.”

बार्ली मात्र तिच्याकडे आलाच नाही. तो दाराकडे धावला आणि काचेला नाक लावून, शेपूट हलवत, रस्त्याकडे कुणाची तरी वाट बघत राहिला.

कोरीनने बंदूक हलकेच खाली ठेवली.

“ही नको, काका. जिचा आवाज त्याने कधीच ऐकला नसेल, अशी एखादी दाखवा.”