कोणाचं पोर

तारकर्लीच्या अंगणवाडीत लस टोचायला गौरजाचा नंबर आला, तसं विश्रामांनी सुनेच्या मांडीवर बसलेल्या नातीचा दंड हाताने झाकला.

"थांब गो बाय," ते सिस्टरला म्हणाले. "ही लस पाडलेल्या पोराच्या पेशींपासून करतत म्हणे. खरा काय ता आधी सांग."

कावेरी सिस्टर सकाळपासून हेच ऐकत होती. मोबाईलवर काहीबाही फिरत होतं आणि त्यावरचं उत्तर तिला मीटिंगमध्ये पढवून ठेवलं होतं: या सगळ्या अफवा आहेत, विश्वास ठेवू नका. आता मात्र ते म्हणायचाही तिला वीट आला.

"खरा आसा," ती म्हणाली. "माझ्या जल्माच्या आधी, परदेशात एका बाईन गर्भ पाडल्यान. त्येच्या पेशी आजून वाढवतत, त्येंच्यावर ह्या रुबेलाच्या लशीचो विषाणू वाढवतत. नवो गर्भ कोण पाडणा नाय."

"म्हणजे त्या पोराक गतीच नाय. मेल्यावरय राबताच आसा," विश्राम म्हणाले. "असला माझ्या नातीच्या अंगात नको."

"त्येच्या आवशीक, त्या बाईक, इचारल्यानी?" त्यांच्या सुनेने, स्वप्नाने, पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"इचारूक नाय म्हणतत."

"माका तरी खंय कोणी इचारल्यानी." स्वप्नाचा आवाज रडका नव्हता, नुसता दमलेला होता. "सिस्टर, ह्योच रुबेलाचो ताप इललो माका, गौरजाच्या आधी. पोर धड जल्माक येवचा नाय म्हणान पाडल्यानी. कपड्यात गुंडाळून न्हेल्यानी. खंय, ता आजून माका म्हायत नाय." तिने मांडीवरच्या गौरजाचा फ्रॉक सारखा केला. "त्या दुसऱ्या पोराचा निदान कायतरी झाला."

त्या दिवशी विश्राम हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही, असं घरी आल्यावर त्यांनीच बजावलं होतं. सुनेने तो शब्द पाळला होता, आणि तिला विसर पडला असं समजून ते निवांत होते. आता त्यांना तिच्याकडे बघवेना.

त्यांनी दंडावरचा हात काढला. सुई टोचली. गौरजाने अंगणवाडी डोक्यावर घेतली.

बाहेर पायरीवर चप्पल घालताना विश्राम थांबले.

"चेडवा," ते खाली बघत म्हणाले, "यंदा म्हाळाक पितरांची पानां वाढशीत तेव्हा दोन जास्ती वाढ."