रेडिएटरमधलं पाणी

केज ते युसूफ वडगाव रस्त्यावर प्रवासी जीप चालवणाऱ्या रामेश्वरची गाडी आठवड्यात तिसऱ्यांदा तापली. भर दुपारी त्यानं ती कशीबशी सुग्रीव मिस्त्रीच्या गॅरेजात आणली.

इंजिन निवाल्यावर सुग्रीवनं झाकण उघडलं. रेडिएटर कोरडाठाक होता. पण पाइप शाबूत होते, पंप चांगला होता, ऑइलमध्ये पाणी उतरलेलं नव्हतं आणि गाडीखाली एक थेंबही नव्हता.

"मंग पानी जातंय कुठं बे?" म्हणत त्यानं बादली ओतली. ती संपली. दुसरी ओतली, तीही संपली. रेडिएटर भरेना. ओतताना आतून घटघट असा आवाज येत होता.

"कोन तरी पितंय," सुग्रीव हळूच म्हणाला.

रामेश्वरची मान खाली गेली. "मागच्या सोमवारी वाटंत एका म्हातारीनं पानी मागितलं. कॅन भरलेला व्हता. पर मी म्हनलो, हे गाडीचं हाय."

"मंग?"

"परत येताना ती तिथंच पडलेली व्हती. लोक जमले व्हते. मी थांबलो न्हाई."

सुग्रीवकडं बघायची रामेश्वरला लाज वाटली. तिसरी बादली त्यानं स्वतःच उचलली आणि ओतू लागला.

घटघट सावकाश झाली. मग थांबली. बादलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं.

"बस झालं, लेकरा," आतून कुणीतरी मायेनं म्हणालं. "ऱ्हायलेलं गाडीला ठिव."