वकिलांच्या तीन ओळी

कंगव्याच्या चित्राचं कार्ड वकिलांनी डाव्या हातानं टेबलावरून खाली ढकललं. त्यामागून कपाचं गेलं, खुर्चीचं गेलं. लेकीनं वाकून ती गोळा केली, पण पुन्हा समोर मांडली नाहीत.

अकरा वाजता स्पीच थेरपिस्ट बाई यायच्या होत्या. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. चित्र बघून नाव सांगायचं, एवढाच अभ्यास त्यांनी नेमून दिला होता. या महिन्यात वकील आपणहून बोलले नाहीत तर पुढे फार आशा धरू नका, असंही मागच्या खेपेला जिन्यात हळूच सांगून गेल्या होत्या. वकिलांना सगळं कळत होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते. आणि ज्यानं उभा जन्म कोर्टात बोलण्यात घालवला, त्याला कोणी कंगवा दाखवून हे काय म्हणून विचारावं, याचा त्यांना संताप येत होता.

लेक आपल्या कामाकडे वळली. एका कॅलेंडरसाठी तिनं टॅबवर निसर्गाची बारा चित्रं काढली होती. चित्रं केव्हाच झाली होती. छापणाऱ्याला प्रत्येकाखाली हायकूसारख्या तीन लहान ओळी हव्या होत्या, आणि त्या मात्र काही केल्या जमत नव्हत्या. तळ्याचं चित्र उघडून ती नुसतीच बघत बसली.

तेवढ्यात शेजारून एक बोट आलं आणि काचेवर टेकलं.

"गेला," वकील म्हणाले.

कोण गेला, असं तिनं विचारलं. चित्रात तळं होतं, लव्हाळी होती, पाण्यावर दोन-चार वलयं होती. जिवंत असं त्यात काहीच नव्हतं.

बोट त्या वलयांभोवती फिरलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. "बगळा." मग इतका वेळ गेला की तिला वाटलं, संपलं. "पाणी... अजून हलतंय."

ती वलयं तिनं परवा केवळ रिकामी जागा भरायला ओढली होती. आता त्यातून पाय सोडवून उडालेला बगळा तिला स्पष्ट दिसला. तिनं चित्राखाली लिहिलं :

गेला बगळा
पाणी अजून
हलतंय

मग तिनं आईला अशी काही हाक मारली, की आई साबणाचे हात घेऊन तशीच धावत आली. तिला वाटलं, पुन्हा झटका आला. लेकीनं ओळी वाचून दाखवल्या आणि त्या बाबांच्या आहेत म्हणून सांगितलं. आईनं एकदा टॅबकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"चाळीस वर्षांत ह्यांनी इतकं थोडक्यात कधी काही सांगितलं नाही," ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

वकिलांच्या तोंडाची एक बाजू हसली.

पुढचं चित्र पानं झडलेल्या झाडाचं होतं. झाड म्हणा, झाड, असं आई कानाशी पुटपुटायला लागली, तेव्हा लेकीनं तिचा गुडघा दाबून तिला गप्प केलं. वकिलांनी झाड म्हटलंच नाही. ते पुढे झुकले, डोळे बारीक केले, आणि बऱ्याच वेळानं एकेक शब्द जागेवरून हलवावा तसे म्हणाले, "पानं गेली. घरटं... दिसलं."

फांदीच्या बेचक्यात तिनं मसुरीच्या दाण्याएवढं घरटं काढलं होतं. आजवर ते एकालाही दिसलं नव्हतं, छापणाऱ्यालासुद्धा.

तिसऱ्या चित्राला मात्र घोडं अडलं. समुद्र बघून वकिलांनी तोंड उघडलं, मिटलं, मान झटकली, आणि शेवटी टेबलावर मूठ आपटली. त्याच वेळी बेल वाजली.

थेरपिस्ट बाईंना दारातच दोघींनी घेरलं आणि एकदमच सांगायला सुरुवात केली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. घरच्यांना आशेपोटी पुष्कळ काही ऐकू येतं, हे त्या अनुभवानं जाणत असाव्यात. त्या टेबलापाशी बसल्या, वही काढली आणि म्हणाल्या, "माझ्यासमोर एकदा होऊ द्या."

लेकीनं समुद्र टाळून पुढे जायला घाईघाईनं बोट फिरवलं. एकदा, दोनदा, घाबरून पुन्हा पुन्हा. सगळी चित्रं सरसर निघून गेली आणि शेवटी एक कोरं पान उघडलं. पांढरं स्वच्छ, ज्यावर अजून रंगाचा ठिपकाही पडला नव्हता. ती मागे फिरणार, तोच वकिलांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

ते त्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिले. त्यावर काहीच नाही, त्यांना दुसरं काहीतरी दाखव, असं आई कुजबुजली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"धुकं," वकील म्हणाले.

बाईंचं पेन वहीवर टेकलं, पण त्यांनी लिहिलं काहीच नाही.

"डोंगर आहे."

मग त्यांनी मान वर केली. लेकीकडे, बायकोकडे, बाईंकडे, एकेकीच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"थांबा."

लेकीनं त्या ओळी पानाच्या अगदी तळाशी लिहिल्या. वरचं पांढरं तिनं तसंच ठेवलं.