रिकाम्या पोटी

"ही गोळी रोज कोण देतं यांना?" मुरबाडच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि रुचिताने शाळेतल्यासारखा हात वर केला.

तीच द्यायची. प्रणितला ॲसिडिटीचा त्रास, म्हणून सकाळी चहाच्या आधी नवऱ्याच्या हातावर ही गोळी ठेवायची. धसईत निम्म्या घरांत असंच चालतं. एकाला लागू पडली की शेजारी तीच आणतात, डॉक्टरला विचारतंय कोण!

"पोटातलं आम्ल जंतू मारतं. गोळीने ते कमी झालं की जंतूंचं फावतं."

रुचिताचा चेहरा उतरला. म्हणजे रक्ताचे जुलाब होऊन नवरा वाळला, तो आपल्यामुळे?

"जंतू मात्र बाहेरूनच आलेत," डॉक्टर पुढे म्हणाले. "पाण्यातून येतात, अन्नातून येतात, शरीरसंबंधातूनही येतात. तुम्हीही तपासून घ्या. आणि हे पूर्ण बरे होईपर्यंत दोघं लांब राहा."

"आमी लांबच असतो," ती बोलून गेली. "होळीपासून."

मग तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रणित मान खाली घालून फरशी बघत होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग ज्या कोणाशी संबंध आला असेल, त्यांना कळवा. त्यांनाही औषध लागेल."

दवाखान्याबाहेर येईपर्यंत रुचिताच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. राग काढायचा कोणावर? गोळीवर, पाण्यावर, की त्या बाईवर? पण बाई येणार कुठून? सुट्टी मिळाली की हा भातसानगरला, दोस्ताच्या, जगदीशच्या खोलीवर. मुक्कामही तिथेच. बाईकडे जायला याला वेळ होता कधी?

"कोण हाय ती?" तिने विचारलं.

"बाय कोणी नाय गो," प्रणित म्हणाला आणि त्याने जगदीशला फोन लावला.

"हां, आता दोस्ताला विचारून खोटं रचा!" तिने फोन हिसकावला. "भावजी, तुमी तरी खरं सांगा. हे कोणाकडं जातात? माझा संसार बुडतोय हो."

पलीकडे जगदीशला रडू फुटलं.

"वहिनी, तो बरा होईल ना?"